अणूचे अंतरंग आणि आमची भट्टी



एका फौंड्रीतील प्रसंग सांगून आम्ही विषयाला आरंभ करतो. रात्रपाळीला एका मोठ्या कास्टिंगची तपासणी चालली होती. कास्टिंगच्या पोटात कोठे पोकळी राहिली आहे काय, हे पाहण्यासाठी बाहेरून माणसे आली होती. त्यांच्यापाशी जड धातूच्या जाड वेष्टणात ठेवलेला इरिडियम-१९२ नावाच्या द्रव्याचा एक लहानसा तुकडा होता. त्यातून गॅमा किरण निघतात, ते लोखंडातून आरपार जातात आणि पलीकडे लावलेल्या फिल्मवर आतल्या पोकळीची सावली उमटते. हे काम चालू असता सभोवार दोरी बांधून आत कोणासही जाऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. त्या रात्री दोरी बांधलेली नव्हती.

सकाळी पाळी सुटल्यावर मंडळी आमच्याकडे आली. एक तरुण म्हणाला, "घाबरायचं काय त्यात? उजेडच तो." दुसरा म्हणाला, "त्या कास्टिंगला आता कुणी हात लावायचा नाही. त्यात विष भरलंय." तेव्हा एक वयस्क मोल्डर सावकाश म्हणाला, "अण्णा, ते इख भट्टीत घालून वितळीवलं तर जळून जाईल न्हवं?"

दोरीचा प्रश्न आमच्या सवयीचा होता. तो व्यवस्थापनाशी बोलून आम्ही सोडवला. परंतु हे तीन प्रश्न निराळे होते. हा नुसता उजेड आहे काय? त्याने कास्टिंग विषारी होते काय? आणि भट्टीच्या आगीत ते विष जळते काय? आम्हांला एकाचेही उत्तर खात्रीने देता येईना. शाळा आम्ही लवकर सोडली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांत बसून. म्हणून पुस्तके काढून बसलो. वाचता वाचता ध्यानात आले की, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी आहेत, ती म्हणजे अणूच्या पोटात. तेथवर माणूस कसा पोहोचला, हे आज आपण पाहू. अणू डोळ्यांनी दिसला म्हणून मानला गेला, असे घडलेले नाही. एकामागून एक साक्षीदार आले, त्यांच्या साक्षी ताडून पाहिल्या गेल्या आणि मगच निकाल लागला.

कणादाचे अनुमान

आपल्याकडे परमाणूची कल्पना फार जुनी आहे. वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक म्हणून कणादाचे नाव घेतात. दगड फोडला तर खडे होतात, खड्यांची वाळू होते, वाळूची धूळ होते. ही विभागणी कोठे तरी थांबलीच पाहिजे. ती न थांबेल, तर मेरू पर्वताचे तुकडेही अनंत आणि मोहरीचे तुकडेही अनंत, मग पर्वत मोठा आणि मोहरी लहान कशी? असा त्या परंपरेतील पंडितांचा युक्तिवाद होता. जेथे विभागणी थांबते तो परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक; आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात जे कण तरंगताना दिसतात ते त्र्यणुक, असे त्यांनी मानले. ग्रीस देशातही इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात डिमॉक्रिटसने असाच विचार मांडला होता.

हा विचार थोर होय, यात शंका नाही. परंतु ते अनुमान होते. त्यापाशी तराजू नव्हता. उन्हातल्या त्या एका कणात प्रत्यक्षात अब्जावधी अणू असतात, सहा नव्हेत. आमच्या पूर्वजांना अणुबाँबही ठाऊक होता, असे व्यासपीठांवरून सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे की, ज्याचे तुकडे होऊच शकत नाहीत त्याला कणादाने परमाणू म्हटले. मग तो फोडून शक्ती काढण्याची गोष्ट त्याच्या मनात यावी तरी कशी? पूर्वजांचा मान त्यांनी जे केले त्यानेच वाढतो.

तराजूची साक्ष

पहिला खरा साक्षीदार तराजू होय. फ्रान्समध्ये लव्हॉसिए याने बंद भांड्यांत धातू तापवून, आधी आणि नंतर काटेकोर वजने केली. लोखंड गंजले की ते झिजले असे आपण म्हणतो. पण सगळा गंज गोळा करून तोलला, तर तो मूळच्या लोखंडापेक्षा जड भरतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळालेला असतो. एकूण वजन मात्र घटतही नाही आणि वाढतही नाही. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तेहतीस मूलद्रव्यांची यादी दिली. तीत पुढे चुका निघाल्या, परंतु पद्धत टिकली. १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला.

त्यानंतर इंग्लंडातला जॉन डाल्टन. याचा बाप हातमागावर कापड विणणारा. इचलकरंजीच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. डाल्टन स्वतः बाराव्या वर्षी मुलांना शिकवू लागला. १८०३ च्या सुमारास त्याच्या मनात जी कल्पना आकारास आली ती १८०८ च्या ग्रंथात त्याने विस्ताराने मांडली. ती समजण्यास फौंड्रीतलेच उदाहरण घेऊ. कोळशातील कार्बन जळताना हवा पुरेशी असेल तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो. आता वजने पाहा. तीन भाग कार्बनला पहिल्या वायूत आठ भाग ऑक्सिजन लागतो, दुसऱ्यात चार. आठ आणि चार, बरोबर दुप्पट. साडेपाच नाही, सव्वासहाही नाही.

असे का व्हावे? बाजारात तेल हवे तेवढे मापून मिळते. नारळ मात्र एक घ्या नाही तर दोन घ्या, दीड नारळ कोणी देत नाही. ऑक्सिजन जर तेलासारखा सलग असता, तर तो कोणत्याही प्रमाणात मिसळला असता. तो नारळासारखा नगाने मिसळतो, याचा अर्थ त्याचे नग आहेत. तेच अणू. एका मूलद्रव्याचे सारे अणू सारखे आणि दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूंहून वजनाने निराळे, असे डाल्टनने प्रतिपादन केले.

डाल्टनच्याही चुका झाल्या. पाण्याच्या एका रेणूत एकच हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन, असे तो समजत होता. हायड्रोजन दोन आहेत, हे ॲव्होगॅड्रोच्या १८११ च्या विचारातून निघत होते. परंतु त्याकडे पन्नास वर्षे कोणी लक्ष दिले नाही. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे कॅनिझारोने ते पुन्हा पुढे आणले, तेव्हा हळूहळू घोळ मिटला. वजने पक्की झाल्यावर १८६९ मध्ये रशियातील मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सुप्रसिद्ध सारणी रचली. तीत त्याने काही घरे रिकामी ठेवली आणि तेथे कोणते मूलद्रव्य सापडेल, त्याचे गुणधर्म काय असतील, हे आधीच लिहून ठेवले. त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नाव देताना त्याने आपल्या संस्कृतातला 'एक' हा शब्द घेतला. त्याचे 'एक-ॲल्युमिनियम' १८७५ मध्ये सापडले. आज त्यास गॅलियम म्हणतात.

विजेची साक्ष

दुसरा साक्षीदार हुपरीच्या आणि गुजरीच्या कारागिरांच्या ओळखीचा आहे. मुलामा देताना क्षाराच्या पाण्यात वीज सोडतात आणि धातूचा थर दागिन्यावर चढतो. या व्यवहाराचा हिशेब १८३३-३४ साली मायकेल फॅरडेने बसवला. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. बुकबायंडरकडे उमेदवारी करताना बांधणीला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. आमच्यासारख्यांना त्याच्याविषयी आपलेपणा वाटतो, तो यामुळेच.

त्याला आढळले ते असे. तेवढीच वीज दोन भांड्यांतून सोडली आणि एकात चांदी १०८ ग्रॅम चढली, तर दुसऱ्यात तांबे पावणेबत्तीस ग्रॅम चढते. चांदीच्या अणूचे तौलनिक वजन १०८ आणि तांब्याचे साडेत्रेसष्ट. पावणेबत्तीस म्हणजे साडेत्रेसष्टाच्या नेमके निम्मे. याचा उलगडा असा की, चांदीचा अणू विजेचा एक नग घेऊन बसतो आणि तांब्याचा दोन. तेव्हा द्रव्याप्रमाणे वीजही नगानेच येते. हा विजेचा नग १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने पकडला. निर्वात नळीतून जाणारे ऋण विद्युताचे कण त्याने मोजले. ते हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे अठराशेव्या हिश्शाएवढे हलके निघाले, आणि नळीत कोणताही धातू वापरला तरी तेच निघाले. यांस आपण इलेक्ट्रॉन म्हणतो. म्हणजे ज्यास अविभाज्य म्हटले त्यातूनच एक तुकडा बाहेर आला होता.

तरीसुद्धा अणू ही केवळ हिशेबाची सोय आहे, असे म्हणणारे ओस्टवाल्डसारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ शिल्लक होतेच. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे थरथरत असतात, असे ब्राउनने १८२७ मध्ये पाहिले होते. पाण्याचे रेणू त्यांना चहूकडून धक्के देतात, हे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले, आणि पुढच्या चार वर्षांत फ्रान्समधील पेराँने ते प्रयोगाने तपासून पाहिले. तेव्हा ओस्टवाल्डने आपली चूक मान्य केली. जाहीर सभेत चूक कबूल करणे किती अवघड असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. म्हणून या गृहस्थाचा आम्हांला आदर वाटतो.

आता अणूचे माप ध्यानात घ्या. एका सेंटिमीटरच्या रेषेवर सुमारे दहा कोटी अणू एकापुढे एक बसतील. एक ग्रॅम चांदीत किती अणू आहेत, हे लिहायचे तर ५६ लिहून पुढे वीस शून्ये द्यावी लागतील.

प्रकाशाची साक्ष

तिसरा साक्षीदार आपल्या भागातून जाऊन आलेला आहे. चुलीवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्वाळा पिवळी होते, हे घरोघरच्या बायकांनी पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवून दिले की, तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून नेला तर ठरावीक जागी ठरावीक रंगांच्या रेषा उमटतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. माणसाला जसा अंगठ्याचा ठसा, तशा मूलद्रव्याला या रेषा.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याचा पट्टा दक्षिण महाराष्ट्राच्या अंगाने जात होता. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या आणि कोल्हापुराहून फार दूर नसलेल्या त्या गावी, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. सुप्रसिद्ध खगोलवेत्ता विल्यम हर्शेल याचा हा नातू. सूर्यबिंब झाकले गेले, कडेला ज्वाळा दिसू लागल्या आणि त्यांच्या प्रकाशात त्याला सलग पट्ट्याऐवजी तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. सूर्याच्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्यावरून ठरले. गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानेही त्याच दिवशी तसेच पाहिले. पुढे २० ऑक्टोबरला इंग्लंडात लॉकियरने ग्रहणावाचूनच या रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही, असे त्यास दिसून आले, आणि त्या अनोळखी मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये रॅमसेच्या हाती लागले. नऊ कोटी मैलांवरचा अणू आधी ओळखला गेला, हातातला नंतर!

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हे ग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियम शोधले, अशी कथा आपल्याकडे प्रसिद्ध आहे. कथा गोड आहे, परंतु खरी नाही. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. जमखिंडीची हकीकत खरी असून ती आपल्याच भागातली आहे, ती आपण का सांगू नये?

हीच साक्ष आज उद्यमनगरात आणि शिरोलीत रोज घेतली जाते. भट्टीतला रस साच्यात ओतण्यापूर्वी त्याची एक चकती घेतात, ती घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात आणि तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीच्या प्रकाशातील रेषांची तीव्रता मोजून यंत्र कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती हे मिनिटभरात सांगते. जमखिंडीला सूर्य होता, येथे बिडाची चकती, तत्त्व एकच.

परंतु रेषा ठरावीकच का पडतात? याचे उत्तर मिळण्यास अणूचा गाभा सापडावा लागला.

अणूचा गाभा

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. १८९६ मध्ये बेकरेलला दिसले की, युरेनियममधून आपोआप किरण निघतात. १८९८ मध्ये मेरी आणि पियेर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. खनिजाचा टनावारी चोथा उकळून, गाळून मेरीबाईंनी १९०२ मध्ये जे रेडियम क्लोराइड वेगळे केले ते एक दशांश ग्रॅम होते. या किरणोत्सर्गाची विचित्र गोष्ट ही की, द्रव्य तापवा, थंड करा, आम्लात विरघळवा, किरणांचा वेग यत्किंचितही कमी-जास्त होत नाही. रदरफोर्ड आणि सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास दाखवले की, येथे एका मूलद्रव्याचा अणूच मोडून दुसऱ्या मूलद्रव्याचा होतो आहे.

मग रदरफोर्डने हेच किरण हत्यार म्हणून वापरले. १९०९ मध्ये मँचेस्टर येथे त्याचा सहकारी गायगर आणि तरुण विद्यार्थी मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ वर्खावर अल्फा कण सोडले. बहुतेक सारे कण वर्ख जणू नाहीच असे पार निघून गेले. पण हजारोंत एखादा कण आला त्याच वाटेने उलट फिरला. यावरून रदरफोर्डने १९११ मध्ये निष्कर्ष काढला की, अणू बहुतांशी रिकामा आहे आणि त्याचे जवळजवळ सारे वजन मधल्या एका अतिसूक्ष्म, धन विद्युतभारित गाभ्यात एकवटलेले आहे. आपल्या खासबागेसारखे एखादे मैदान शंभर मीटर व्यासाचे आहे असे समजा, आणि तोच सोन्याचा अणू माना. तर मध्यभागी ठेवलेला जोंधळ्याचा एक दाणा म्हणजे त्याचा गाभा. बाकी साऱ्या मैदानात इलेक्ट्रॉन तेवढे.

१९१३ मध्ये नील्स बोरने सांगितले की, हे इलेक्ट्रॉन वाटेल त्या पातळीवर राहत नाहीत. त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना जो फरक पडतो तो प्रकाशरूपाने बाहेर येतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रेषाही ठरलेल्या. पुढे क्वांटम शास्त्राने बोरचे चित्र पुष्कळ बदलले. इलेक्ट्रॉन गाभ्याभोवती ग्रहासारखा फिरतो, असे आता कोणी म्हणत नाही. पायऱ्या मात्र कायम राहिल्या. गाभ्यात धन विद्युताचे प्रोटॉन आहेत. ते किती आहेत यावरून मूलद्रव्य कोणते हे ठरते: लोखंडात २६, कोबाल्टमध्ये २७, सोन्यात ७९. १९३२ मध्ये चॅडविकने त्याच गाभ्यात विद्युतभार नसलेला न्यूट्रॉन दाखवला. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-अधिक, अशा अणूंना समस्थानिक म्हणतात.

गाभा फुटतो हेही लौकरच दिसले. डिसेंबर १९३८ मध्ये हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम सापडले, आणि गाभा दुभंगला असा त्याचा अर्थ लीझ माइटनर व फ्रिश यांनी लावला. सात वर्षांच्या आत, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे जळाली. तीच शक्ती काबूत ठेवून वापरण्याची आपल्या देशातील सुरुवात मुंबईजवळ तुर्भ्याला झाली. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६९ मध्ये तारापूरची वीज मिळू लागली.

अणुभट्टीला आपण भट्टी म्हणतो खरे, परंतु ती आणि आमची भट्टी यांत मूलभूत भेद आहे. आमच्या भट्टीत लोखंड सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्या उष्णतेने अणू एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन हालतात. गाभ्यापर्यंत ही आग पोहोचतच नाही. तेथे पोहोचण्यास प्रत्येक अणूमागे लाखो पटींनी अधिक शक्ती लागते. शेकडो वर्षे किमयागारांनी मुशीत पारा आणि शिसे आटवले, पण सोने झाले नाही, ते याच कारणाने. लोखंडाचा गाभा ज्या भट्टीत शिजला ती भट्टी म्हणजे तारे. हे ज्यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडले त्यांत फ्रेड हॉइल होते, आणि त्यांचेच पुढे शिष्य झालेले जयंत नारळीकर १९३८ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मले.

तीन प्रश्नांची उत्तरे

आता त्या सकाळच्या प्रश्नांकडे वळू.

पहिला प्रश्न: हा उजेडच आहे काय? गॅमा किरण प्रकाशाच्याच जातीचे आहेत, हे खरे. पण त्यांच्या प्रत्येक नगाची शक्ती डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाखपटींनी अधिक असते. शरीरातून जाताना ते तेथील अणूंचे इलेक्ट्रॉन उपटून काढतात आणि पेशींची घडी बिघडवतात. ते दिसत नाहीत, चटका देत नाहीत, म्हणून अधिक घातक. अमेरिकेत १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावण्याचे काम तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरावा, असे त्यांना शिकवलेले होते. रंग निरुपद्रवी आहे, असेही सांगितलेले होते. पुढे त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी मेल्या. न्यू जर्सीतील पाच जणींनी १९२७ मध्ये दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. तेव्हा 'उजेडच तो' असे म्हणणाऱ्या तरुणाला आमचे उत्तर आहे: दोरीच्या आत जाऊ नकोस. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो. जवळ थांबण्याचा वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये जाड आडोसा, या तीन गोष्टी संरक्षण देतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार या कामास प्रशिक्षित माणूस, किरण मोजण्याचे यंत्र आणि आखलेली हद्द असावीच लागते. ती मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

दुसरा प्रश्न: कास्टिंग विषारी झाले काय? नाही. इरिडियमचे गॅमा किरण लोखंडातील इलेक्ट्रॉनांना धक्के देतात, लोखंडाच्या गाभ्यात बदल घडवीत नाहीत. इरिडियमचा तुकडा वेष्टणात परत गेला की काम संपले. दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही, तसेच हे. त्या कास्टिंगवर निःशंक हात ठेवावा.

तिसरा प्रश्न: भट्टीत ते विष जळेल काय? तो प्रश्न त्या वयस्क मोल्डरने केला होता आणि तोच सर्वांत मोलाचा होता. इरिडियमचा किंवा कोबाल्टचा तुकडाच जर चुकून भंगारातून भट्टीत पडला, तर तो जळणार नाही. साऱ्या रसात मिसळेल आणि प्रत्येक कास्टिंगमध्ये थोडा थोडा जाऊन बसेल. किरण गाभ्यातून येतात आणि आमची आग गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मे होते, परंतु कोबाल्ट-६० निम्मे होण्यास सव्वापाच वर्षे लागतात. पन्नासांहून अधिक वर्षे लोटली तरी त्याचा हजारावा हिस्सा उरतोच.

ही भीती कल्पनेतली नव्हे. २००८ मध्ये भारतात बनून फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. भंगारातून ते धातूत वितळले गेले होते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका विद्यापीठातून लिलावात निघालेले जुने यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. भंगार फोडणारे कित्येक जण भाजले आणि एकाचा जीव गेला. त्याने काय हाती घेतले आहे, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

आमचा स्पेक्ट्रोमीटर हे पकडील काय? पकडणार नाही. साधे कोबाल्ट आणि कोबाल्ट-६० यांत भेद एका न्यूट्रॉनचा, आणि न्यूट्रॉन गाभ्यात असतो. स्पेक्ट्रोमीटर इलेक्ट्रॉनांचा उजेड वाचतो. दोन्ही कोबाल्टच्या रेषा त्याला सारख्याच दिसतात. त्यासाठी भंगाराची गाडी आत येते त्या दारावरच किरण मोजणारे यंत्र हवे.

हे सारे आम्ही त्या मोल्डरला चहाच्या दोन सुट्ट्यांत सांगितले. जोंधळ्याच्या दाण्याची गोष्ट त्याला फार आवडली. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हंजे आग तिथवर जातच न्हाई. मग गेटावर ते मोजायचं यंत्र हाय का आपल्याकडं?"

यंत्र नव्हते. त्या वर्षीच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या खालोखाल ते कलम आले, ते त्याच्याच आग्रहाने.